बेचाळीस फुटांचा उतार

ज्ञानमंदिराचं दार कुणालाही बंद नसतं. आमच्या वाचनालयाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनात हे वाक्य माइकवरून दोनदा उच्चारलं गेलं, आणि ते खरं होतं. दार सकाळी आठ ते बारा आणि संध्याकाळी चार ते आठ सताड उघडं असे. दाराच्या आधी सात पायऱ्या होत्या, पण भाषणाचा विषय दार हा होता.

भाषण अध्यक्षांनी केलं होतं आणि लिहिलं मी होतं. मी त्या वेळी वाचनालयाचा मानद कार्यवाह होतो. टाळ्या पडत होत्या तेव्हा माझे घरमालक फाटकाशी उभे होते. त्यांच्या हातात व्हीलचेअर होती आणि व्हीलचेअरवर निळ्या जीन्सच्या कापडाची एक गोणी पट्ट्याने बांधून बसवलेली होती. स्वागताला उभ्या असलेल्या मुलीने मागून पाहिलं आणि गोणीवर गुलाबपाणी शिंपडलं. मग पुढून पाहिलं आणि ती पुढच्या पाहुण्यांकडे वळली.

घरमालकांना मी काका म्हणत असे आणि त्यांच्या पत्नीला काकू. बदलापुरात त्यांचं दोन मजली घर होतं. खाली ते दोघं, वरच्या खोलीत मी. काका अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, पण काकांच्या हाताला लागलेला काटेकोरपणा कुणी भंगारात घेईना, त्यामुळे तो घरी आला. भिंतीवरचं कॅलेंडर ते ओळंबा धरून लावत. मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी नाव-गाव, नोकरी काही विचारलं नाही. उंची विचारली.

"पाच फूट साडेसहा," मी म्हणालो.

"ठीक. जिन्याच्या वळणावर छत खाली आलंय. पाच-सातच्या वर असतात तर रोज डोकं आपटलं असतं. मग तुम्ही चिडला असतात, मग खोली सोडली असतीत. आधीच विचारलेलं बरं."

मी त्या खोलीत सात वर्षं राहिलो. डोकं एकदाही आपटलं नाही.

काकूंच्या मणक्यात गाठ निघाली ती मी राहायला येण्याच्या आदल्या वर्षी. ऑपरेशन यशस्वी झालं असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. गाठ गेली, आणि कमरेखालचं सगळं तिच्याबरोबर गेलं. त्याआधी बावीस वर्षं काकू आमच्याच वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर होत्या. तेव्हा वाचनालय बाजाराजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत होतं, रस्त्याच्या पातळीवर. छप्पर गळायचं आणि गल्लीतली बकरी मासिकांच्या रॅकपर्यंत यायची. बकरी येऊ शकते तिथे व्हीलचेअरही येऊ शकते, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या वेळी व्हीलचेअर नव्हती.

काकू आजारी पडल्या त्याच वर्षी त्या खोल्या सोडाव्या लागल्या, नवी इमारत होईपर्यंत वाचनालय एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर गेलं, आणि काका काकूंसाठी पुस्तकं आणू लागले. इथून गोष्ट बिघडली. काका पुस्तक बांधणी बघून निवडत. पुठ्ठा सरळ आहे का, शिवण धरून आहे का, उघडल्यावर सपाट राहतं का. या कसोटीला उतरलेली पुस्तकं ते मोठ्या समाधानाने घरी आणत. एकदा कुक्कुटपालनाचं आणलं. एकदा एका कादंबरीचा तिसरा भाग आणला, पहिले दोन भाग सैल होते म्हणून.

"अहो, पण मला कळणार कसं आधी काय झालं ते?" काकू म्हणाल्या.

"सुरुवातीला सारांश असेल."

"कादंबरीत सारांश नसतो."

"मग असायला हवा," काका म्हणाले. ते गंभीर होते.

मी कार्यवाह, त्यामुळे मी म्हटलं, काकू, यादी द्या, मी आणतो. त्यांनी मला समोर बसवलं. बावीस वर्षं लोकांना समजावून सांगायची सवय होती.

"अरे, यादी करता येते ती ठाऊक असलेल्या पुस्तकांची. मला पुस्तक मागवायचं नाहीये, मला ते सापडायला हवंय. आपण भलतंच शोधत असतो, हात भलत्याच कप्प्यावर जातो, आणि तेच हवं असतं. ते तू माझ्यासाठी कसं करणार? तुझा हात माझा नाही."

एवढीच त्यांची मागणी होती. कपाटासमोर जायचं आणि आपल्या हाताने पुस्तक काढायचं. घरापासून वाचनालयाची नवी जागा दोन गल्ल्या दूर होती. पुढची सगळी वर्षं काका त्या दोन गल्ल्यांच्या कामात होते.

गोणीची हकिगत सांगायला हवी. काकूंना दाखला हवा होता, चालता येत नाही असा. तो देणारं शिबिर अंबरनाथला एका सभागृहात भरलं होतं आणि सभागृह अकरा पायऱ्या वर होतं. खाली टोप्या घातलेले चार स्वयंसेवक उभेच होते. ज्यांनी शिबिर ठेवलं त्यांना पायऱ्यांची कल्पना होती, म्हणूनच तर त्यांनी स्वयंसेवक ठेवले होते. चौघांनी "घ्या, घ्या, एक-दोन-तीन" करून काकूंना खुर्चीसकट उचललं. सातव्या पायरीला एकाचा हात निसटला, खुर्ची कलली, साडी गुडघ्यापर्यंत आली आणि त्याच क्षणी फोटोग्राफरने फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी तो स्थानिक साप्ताहिकात आला. मथळा होता, 'अपंग भगिनीला मदतीचा हात'.

काकूंनी फोटो पाहिला, घडी घातली आणि म्हणाल्या, "यापुढे मला कुणी उचलायचं नाही. एकदाच उचलतील, तेव्हा मी बघायला नसेन."

काकांनी वाद घातला नाही. त्यांच्या दृष्टीने हे भावनिक विधान नव्हतं, कामाची अट होती. अट आली की चाचणी आली. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन उल्हासनगरला कॅम्पात गेले. तिथे जीन्स शिवणाऱ्या एका सिंधी कारागिराकडे उरलेल्या कापडाची गोणी शिवायला टाकली. दुहेरी शिवण, दोन बाजूंना कान, मधे पोट.

"साईं, भरना क्या है इसमें?" कारागिराने विचारलं.

"रेती. चोपन्न किलो. बायकोचं वजन."

त्याने मशीन थांबवलं. "पूरी वाइफ?"

"पूर्ण."

कारागिराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्याने शिवण तिहेरी घातली.

तेव्हापासून काकूंना जिथे जायचं असेल तिथे आधी गोणी जाई. नियम दोन. गोणी खुर्चीतून उचलायची नाही, आणि वाटेत कुणालाही 'जरा हात लावता का' असं म्हणावं लागू नये. म्हणावं लागलं की जागा नापास. दर दिवाळीला काकूंचं वजन होई आणि त्याप्रमाणे वाटीने रेती काढली किंवा घातली जाई. रेती काढताना काकू खिडकीतून बघत. "मला जरा बारीक केलंत वाटतं," म्हणत. काका वाटी सपाट करत म्हणत, "दीड किलो."

गावाने त्यांना गोणीवाले काका म्हणायला सुरुवात केली. रिक्षावाले ओरडत, "काका, वहिनींना घेऊन कुठे?" काका थांबून नीट उत्तर देत, "पोस्टात." पोस्टाला दोन पायऱ्या होत्या. नापास. बँकेला उतार होता, पण तो संपायचा तिथे दार बाहेरच्या बाजूला उघडायचं. खुर्ची उतारावर धरून दार ओढायला तिसरा हात लागत होता. नापास. एका इस्पितळाचा व्यायामोपचार विभाग, जिथे फक्त चालता न येणारे लोकच येतात, तळघरात होता. नापास. एका सरकारी कचेरीत उतार इतका उभा होता की गोणी सुटून मागे आली आणि एका शिपायाला घेऊन गेली. त्याला लागलं नाही, पण त्याने काकूंचं नाव लिहून घेतलं.

दोन वर्षांच्या फिरतीनंतर काकांनी मला निष्कर्ष सांगितला. गावात गोणी दोनच ठिकाणी विनासायास पोहोचली होती, देशी दारूचं दुकान आणि स्मशान.

"म्हणजे सुरुवात आणि शेवट पास आहे," ते म्हणाले. "मधलं राहिलंय."

त्यांचं एक पालुपद होतं, इंचाला फूट. एक इंच चढायचं असेल तर एक फूट लांबीचा उतार हवा, त्याहून आखूड केला तर तो उतार नाही, घसरगुंडी आहे. हा काही त्यांचा शोध नव्हता, तो नियमच आहे आणि पुस्तकात छापलेला आहे. पण तो नियम मनापासून मानणारे ते आमच्या भागातले एकटेच होते. ते तो कशालाही लावत. मी एकदा माझ्या साहेबांवर चिडून राजीनामा लिहीत होतो, तर म्हणाले, "इंचाला फूट. एवढ्याशा रागाला एवढंच पत्र? आणखी अकरा पानं लिहा, मग द्या." चौथ्या पानावर माझा राग संपला.

नव्या इमारतीचे नकाशे झाले तेव्हा पायऱ्या सहा होत्या. आमच्याकडे नदी अधूनमधून गावात येते, म्हणून जोतं तीन फूट उंच घेतलं होतं. तीन फूट म्हणजे छत्तीस इंच, म्हणजे छत्तीस फूट उतार. काकांनी तो ट्रेसिंग पेपरवर शाईने काढला. अंगणात एकदा वळवलेला, मधे थांबायला सपाट जागा, दोन्हीकडे कठडे. इतकं देखणं काम आमच्या कार्यकारिणीपुढे याआधी आलं नव्हतं आणि नंतरही आलं नाही.

अध्यक्षांचा व्यवसाय इमारती बांधण्याचा होता. त्यांनी नकाशा उलटा धरला, मग सुलटा.

"काका, छत्तीस फूट? रनवे करायचाय काय आपल्याला? इमानं उतरणारेत?"

"खुर्ची चढणार आहे."

"अहो, बारा फुटांत बसवू की. जोर लावला की चढतंय."

"मग तो जोर लावणारा माणूसही नकाशात दाखवा. आठ ते बारा आणि चार ते आठ तो तिथे उभा पाहिजे."

कार्यकारिणी हसली. अध्यक्षही हसले आणि नकाशा मंजूर झाला. आमच्याकडे नकाशे मंजूर व्हायला अडचण कधीच नसते.

जोतं पूर्ण झालं आणि अध्यक्षांचे वास्तूवाले गृहस्थ आले. पायऱ्या सम आहेत, विषम हव्यात, असं ते म्हणाले. पाच करायच्या तर पुराची भीती, म्हणून सात केल्या. गवंड्याने एका दुपारी सहा इंचांची पायरी वाढवली आणि जोतंही तेवढंच वर घेतलं. संध्याकाळी काका टेप घेऊन गेले आणि परत येऊन माझ्या खोलीत बसले. पाणी मागितलं.

"सहा फूट गेले," ते म्हणाले. "शुभ व्हायला सहा इंच लागले, त्याचे सहा फूट. आता बेचाळीस. अंगणात वळण बसत नाही. मधे कोनशिला येते."

कोनशिलेवर अध्यक्षांचं नाव होतं. कोनशिला हलवणं शक्य नव्हतं, कारण तिच्यावर अध्यक्षांचं नाव होतं. उतार 'दुसऱ्या टप्प्यात' गेला. उद्घाटन झालं, गुलाबपाणी झालं, आणि गोणी फाटकातून घरी गेली. त्या रात्री काकूंनी विचारलं, "कपाटं कुठल्या बाजूला लावलीत?" मी सांगितलं. "खिडकीसमोर नका लावू, ऊन लागून पाठी फिक्या पडतात," त्या म्हणाल्या. मी दुसऱ्या दिवशी दोन कपाटं हलवून घेतली. मला तेवढंच जमण्यासारखं होतं.

दुसरा टप्पा यायला दोन वर्षं लागली. काका दर सोमवारी अर्ज देत. अर्जाचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं, 'मागील अर्जातील मजकूर आजही खरा असल्याने तो पुन्हा सादर करीत आहे.' कुणी म्हणालं, आता कायदा आलाय, दिव्यांग असा मानाचा शब्दही आलाय. काका म्हणाले, "शब्द बदलायला पेन लागतं. पायरी फोडायला ब्रेकर लागतो. तुमच्याकडे पेनं बरीच आहेत."

शेवटी मार्ग मी काढला. त्याचा मला अभिमान वाटावा की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. मी अध्यक्षांना म्हणालो, कोनशिला आत्ता कोपऱ्यात आहे, तिथे ती कोण वाचतं? उताराच्या मधल्या सपाट जागेवर, भिंतीत, डोळ्यांच्या उंचीला बसवू. चढणाऱ्याला तिथे थांबावंच लागतं. थांबला की वाचणार.

अध्यक्ष विचारात पडले. "थांबावंच लागतं?"

"नियम आहे. दम घ्यायला."

जून संपता संपता काम सुरू झालं.

काँक्रीट शेजारच्या जांभूळ गावच्या एका गवंड्याने घातलं. काकांनी पाण्याची नळी लावून उतार तपासला, एका जागी पाव इंच फुगवटा निघाला, तो ओला असतानाच काढायला लावला. मग त्यांनी जाहीर केलं, अठ्ठावीस दिवस. अठ्ठावीस दिवस पाणी मारायचं, त्याआधी एकही चाक वर जाणार नाही.

दहाव्या दिवशी गवंडी म्हणाला, "काका, आता हत्ती न्या वरती, काय होत नाय. वयनींना आणा ना. मी बोलतो ना तुम्हाला."

"काँक्रीट अठ्ठावीस दिवसांनी पूर्ण ताकदीला येतं."

"आवं, पण वयनी कितीशा? चोपन किलो!"

"त्रेपन्न. पण प्रश्न वजनाचा नाही."

मीही रदबदली केली. काकूंनी मात्र केली नाही. त्या म्हणाल्या, "थांबू दे त्यांना. सहा वर्षं झाली, त्यात अठ्ठावीस दिवस काय?" त्यांनी साडी काढून ठेवली होती, आणि एक पिशवी शिवून घेतली होती खुर्चीच्या हाताला अडकवायला, पुस्तक ठेवण्यासाठी. पिशवीत चष्म्याला वेगळा कप्पा होता.

पंचविसाव्या दिवशी नदी गावात आली.

पहाटेपासून पाणी चढत होतं. सकाळी सातला ते पहिल्या पायरीला होतं, नऊला पाचवीला. मी, अध्यक्ष, दोन कर्मचारी, गवंडी आणि काका असे आम्ही पुस्तकं वरच्या मजल्यावर नेऊ लागलो. वरचा मजला रिकामा होता. तिथे पुढेमागे अभ्यासिका होणार होती. जिन्याला वीस पायऱ्या. सत्तरीच्या घरातले काका छातीशी पंधरा-पंधरा पुस्तकं धरून त्या चढत होते. त्या दिवशी ते बांधणी बघत नव्हते. एकदा माझ्या शेजारून जाताना म्हणाले, "तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत हो आतून," आणि वर गेले. दुपारी पाणी सातवी पायरी ओलांडून हॉलमध्ये शिरलं आणि दीड फुटावर थांबलं. खालच्या कप्प्यांतली तीनेकशे पुस्तकं गेली. बाकीची वर होती.

पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी चिखलातच कार्यकारिणीची सभा झाली. ठराव मी मांडला. पुस्तकं यापुढे कायम वरच्याच मजल्यावर ठेवावीत. विरोध करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. हा ठराव कुठल्याही दुष्ट माणसाने मांडला असता तर मला आज बरं वाटलं असतं.

"काका, तुमचं काय म्हणणं?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांच्या आवाजात त्या दिवशी खरीच आस्था होती. तेही गुडघाभर चिखलात उभे राहून पुस्तकं उचलत होते.

"पुस्तकं भिजता कामा नयेत," काका म्हणाले.

मग त्यांनी खिशातून टेप काढला, जिन्यापाशी गेले, एक पायरी मोजली, पायऱ्या मोजल्या. "दहा फूट. एकशेवीस इंच. एकशेवीस फूट उतार लागेल." त्यांनी टेप सोडला, तो सर्रकन आत गेला. "तो थेट बाजारात जाईल. म्हणजे जुन्या जागेपाशी."

कुणी हसलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "लिफ्ट घेऊ ना काका. तिसऱ्या टप्प्यात." लिफ्टचा ठराव लगेच मंजूर झाला. आणि तोवर? तोवर पोरं आहेत ना, चार जणं उचलतील वहिनींना, असं कुणीतरी म्हणालं. काका चपला घालून निघून गेले.

तीन दिवसांनी अठ्ठावीस दिवस पूर्ण झाले. मी सकाळी वाचनालयात गेलो तर काका उताराच्या पायथ्याशी. खुर्ची, गोणी, पट्टा.

"काका, आता कशाला?"

"चाचणी ठरलेली आहे."

त्यांनी खुर्ची ढकलली. ती इतकी सहज चढली की तिला ढकलतंय कोण असं वाटावं. सपाट जागेवर ते थांबले, दम घेतला, वळले, पुन्हा चढले. दारातून आत. कुणाला हात लावायला सांगावं लागलं नाही. आत हॉलच्या मधोमध त्यांनी खुर्ची उभी केली. भिंतींवर पाण्याची रेघ होती आणि कपाटं जिथे होती तिथे चौकोनी फिके डाग. काकांनी खुर्चीचा ब्रेक लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पास."

घरी जाऊन त्यांनी काकूंना काय सांगितलं ते मला माहीत नाही. संध्याकाळी मी खाली गेलो तेव्हा काकूंनी मला विचारलं ते भिजलेल्या पुस्तकांविषयी. "उन्हात घालू नका, पानं वाकडी होतात. पंख्याखाली उभी ठेवा, मधे मधे कोरे कागद घाला." मी हो म्हणालो. मग त्या काकांना म्हणाल्या, "अहो, उद्यापासून पुस्तकं नका आणू आता."

"का? बघून आणीन नीट. विचारून आणीन."

"नको. टीव्ही लावा."

नंतर काकांची फिरती बंद झाली. रेती त्यांनी घराच्या कुंड्यांत घातली. सोमवारचे अर्ज थांबले, आणि अध्यक्ष मला दोनदा म्हणाले की काका बरे आहेत ना, चुकल्यासारखं वाटतं. काका फक्त एक करत. रोज सकाळी जाऊन उतारावर लावलेल्या स्कूटर काढायला सांगत. कुणी विचारलं, काका, कोण येतंय आता इथून? तर म्हणत, "कुणी येणार नाही. पण जागा मोकळी पाहिजे."

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले, उठले नाहीत. काकूंनी दोन तास हाका मारल्या. त्यांची खुर्ची पलंगापासून आठ फुटांवर होती आणि त्यांना तिच्यात स्वतःहून बसता येत नव्हतं. शेवटी त्यांनी हाताला लागलेलं तांब्याभांडं भिंतीवर मारलं, ते मला वर ऐकू आलं.

शोकसभा वाचनालयाने ठेवली, तळमजल्याच्या हॉलमध्ये. त्या दिवशी काकू पहिल्यांदा नव्या इमारतीत आल्या. खुर्ची मी ढकलत होतो. मला वाटलं होतं जोर लागेल, लागला नाही. सपाट जागेवर मी थांबलो, तर समोर कोनशिला. काकूंनी चष्मा लावला आणि ती वरपासून खालपर्यंत वाचली, सर्व विश्वस्तांच्या नावांसकट. नव्या वाचनालयात त्यांनी वाचलेला हा एकमेव मजकूर.

आत अध्यक्ष बोलले. काकांनी आपल्याला उंची दिली, असं म्हणाले. तेही मीच लिहिलेलं होतं. काकू भाषणभर जिन्याकडे बघत होत्या. सभा संपल्यावर त्यांनी मला खूण केली.

"वर दिवा आहे का रे?"

"आहे."

"कपाटं खिडकीसमोर नाहीत ना?"

"नाहीत, काकू."

"बरं." मग म्हणाल्या, "उतार फार चांगला केलाय हो ह्यांनी. पोटातलं पाणी हललं नाही. घरी नेतोस ना?"

महिन्याभरात नाशिकला दिलेली त्यांची मुलगी आली आणि त्यांना घेऊन गेली. घर विकलं, मीही अंबरनाथला राहायला गेलो आणि कार्यवाहपद सोडलं. लिफ्टचा ठराव अजून मंजूर आहे.

तळमजल्याचा हॉल आता साखरपुडे आणि बारशांना देतात. केटररची माणसं सांगतात, बदलापुरात असा उतार दुसरा नाही. काठोकाठ भरलेला आमटीचा टोप ट्रॉलीवर ठेवून एकटा माणूस वर नेतो आणि थेंबभर सांडत नाही.